आयर्विन ते हरिपूर, फक्त एक पायवाट

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या सांगलीतल्या कृष्णाकाठच्या सुशोभीकरणाच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, लाईटचे खांब, फरशी, कारंजं, सेल्फी पॉइंट वगैरे, त्या वाचून बरेच दिवस काहीतरी लिहायचं डोक्यात होतं पण राहून जात होतं. आत्ता थोरल्याकडे सिडनीला दोन महिने काढून आलोय, तिथे एक गोष्ट बघितली आणि परत आल्यावर घाटावर गेलो तेव्हा राहवेना म्हणून लिहितोय. परदेशात जाऊन आला की प्रत्येकजण शहाणपणा शिकवतो असं म्हणाल, म्हणा बापडे, पण आधी वाचा तरी.

तिथे मोसमन म्हणून एक उपनगर आहे. सिडनीचं बंदर म्हणजे आपल्या डोळ्यासमोर क्रेन आणि कंटेनर येतात तसं नाही, समुद्र आत घुसून त्याचे पंजासारखे फाटे पसरलेत आणि एकेका फाट्याच्या काठाने वस्ती आहे, मोसमन त्यातलंच एक. गाव म्हणाल तर श्रीमंतांचं, बंगले असे की नुसते बघून दमायला होतं. मुलाचं घर तिकडे नाही हो, तो लांब पश्चिमेला राहतो, आम्ही आपले रविवारी फिरायला गेलो. सर्क्युलर की नावाच्या धक्क्यावरून बोट पकडायची, साधारण बारा मिनिटांत टारोंगा झूच्या धक्क्याला उतरवतात. झू १९१६ सालचा. तो सुरू होताना जेसी नावाची हत्तीण शहरातून चालवत धक्क्यापर्यंत आणली आणि तराफ्यावर घालून पलीकडे नेली, हे ऐकून हिला आपल्या गणपतीच्या देवळातला हत्ती आठवला आणि झूचं तिकीट रुपयात गुणून बघितल्यावर आम्ही बाहेरूनच नमस्कार केला.

पण खरी मजा झूच्या बाहेरच आहे आणि तिला तिकीट नाही. धक्क्यापासून काठाकाठाने एक वाट निघते ती बालमोरल बीचपर्यंत, साधारण सहा किलोमीटर. कुठे लाकडी पायऱ्या, कुठे फळ्यांचा पूल, बाकी बरीचशी आपली साधी मातीची. डाव्या हाताला झाडी, उजव्या हाताला पाणी, समोर ऑपेरा हाऊस आणि तो मोठा हार्बर ब्रिज. जागोजागी बाकडी, प्यायच्या पाण्याचा नळ आणि स्वच्छ संडास (आमच्या वयाच्या माणसाला यातलं शेवटचं काय महत्त्वाचं असतं ते तरुण वाचकांना कळायचं नाही).

पहिला मुक्काम ब्रॅडलीज हेड. तिथे टोकावर एका युद्धनौकेची डोलकाठी उभी केलीय, नौकेचं नावच सिडनी. १९१४ साली एमडन नावाच्या जर्मन नौकेने आपल्या मद्रासवर तोफा डागल्या होत्या ना, पुढे दीडेक महिन्यात तिला कोकोस बेटांजवळ आडवं केलं ते या सिडनीने. मी तिथे उभा राहून पोराला मद्रासची गोष्ट सांगितली, पोराला माहीत नव्हती, दहा वर्षं तिथे राहतोय! त्याच्या पुढची खाडी टेलर्स बे, १९४२ मध्ये जपान्यांच्या तीन छोट्या पाणबुड्या बंदरात शिरल्या होत्या त्यातली एक इथे बुडवली. आता तिथे लोक पाय पाण्यात सोडून सँडविच खात बसतात.

मग चाऊडर बे आणि क्लिफ्टन गार्डन्स. तिथे पोहायला जाळी लावून समुद्राचा तुकडा बंदिस्त केलाय कारण बंदरात शार्क असतात. मी म्हटलं आमच्या कृष्णेत मगरी आहेत, तर मुलाचा तिथला मित्र हसायचाच थांबेना, त्याला वाटलं थापा मारतोय, शेवटी भिलवडीकडच्या मगरीचा व्हिडिओ दाखवला तेव्हा गप्प झाला. त्या जाळ्यांना समुद्री घोडे चिकटून राहतात, ते दुर्मिळ झालेत म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी पाण्यात पिंजऱ्यासारखी घरं ठेवलीत आणि लॅबमध्ये वाढवलेली पिल्लं आणून सोडतात. पुढे मिडल हेडजवळ एक पाटी न वाचता मी खाली उतरायला लागलो होतो, हिने शर्ट धरून मागे ओढलं, कारण खालचा कॉबलर्स बीच हा कपडे न घालणाऱ्यांसाठी आहे. असो.

बालमोरलला पोचलो तेव्हा पाय बोलायला लागले होते. तिथलं एक ऐकून मात्र चाट पडलो. १९२३-२४ साली थिऑसॉफी या अध्यात्मपंथाच्या लोकांच्या एका संघाने या बीचच्या कडेला समुद्राकडे तोंड करून मोठं खुलं थिएटर बांधलं होतं, जगद्गुरू येणार म्हणून. जगद्गुरू कोण, तर आपले जे. कृष्णमूर्ती! ते पाण्यावरून चालत येणार अशीसुद्धा तिथे आवई होती म्हणे. कृष्णमूर्तींनी १९२९ ला तो संघच बरखास्त करून टाकला, १९५१ ला थिएटर पाडलं, आता तिथे फ्लॅट आहेत. त्याच १९२९ ला इकडे कृष्णेवरचा आपला आयर्विन पूल सुरू झाला. म्हणजे सिडनीचा तो जगप्रसिद्ध पूल १९३२ चा, आपला तीन वर्षांनी थोरला, हे मी तिथे भेटेल त्याला सांगत होतो.

आता मुद्द्याचं. हा काठ आपोआप राहिलेला नाही. शेजारच्या क्रेमोर्न पॉइंटवर १८९० च्या दशकात कोळशाची खाण काढायची होती, लोकांनी एवढा विरोध केला की खाण शेवटी दुसरीकडे, बालमेनला गेली. पुढच्या मोक्याच्या टेकड्या लष्कराकडे होत्या, लष्कर गेल्यावर त्याही बिल्डरकडे न जाता लोकांसाठी राहिल्या. आणि मला सगळ्यात आवडल्या त्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणी, मोसमनच्याच (ब्रॅडलीज हेडचा ब्रॅडली वेगळा, तो १७८८ च्या पहिल्या जहाजांबरोबर आलेला दर्यावर्दी). या दोघी १९६० च्या दशकात फिरायला जाता जाता बाहेरून आलेलं तण हाताने उपटायच्या. बुलडोझर नाही, औषध फवारणी नाही. त्यांचं म्हणणं असं की जिथे मूळची झाडी चांगली आहे तिथून सुरू करा आणि हळूहळू घाणीकडे सरका, माती कमीत कमी उकरा, आणि जुनी झाडं परत येतील त्याच चालीने पुढे जा, घाई करू नका. आज या पद्धतीला त्यांच्याच नावाने ओळखतात.

आणि आपण काय करतो, चांगलं आहे तिथे फरशी बसवतो. अहो, आयर्विनजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं होतं, माझ्या घरात माळ्यावर चढून बसलो होतो आम्ही. मोसमनला असा पूर येत नाही हे मान्य, पण म्हणूनच तर आपल्याकडे खांब आणि कारंजी टिकत नाहीत, गाळ बसतो आणि पुढच्या वर्षी परत टेंडर. मातीच्या वाटेला पुराचं काय, गाळ ओढला की वाट मोकळी.

माझी मागणी एवढीच की आयर्विन पुलापासून गणपती मंदिर, घाट धरून हरिपूरच्या संगमापर्यंत नदीच्या कडेने सलग चालता येईल अशी वाट ठेवा. मधे मळे आहेत, खाजगी जमिनी आहेत, माहितीय मला, जिथे काठाने जमत नाही तिथे रस्त्यावरून वळवा आणि परत काठाला आणा, तिकडेही काही ठिकाणी तसंच आहे. दर अर्ध्या किलोमीटरला बाकडं, दोन-तीन ठिकाणी नळ आणि संडास, मगरीची पाटी, आणि होड्यांच्या शर्यती बघायला काठावर बसायला पायऱ्या. संगमेश्वराचं दर्शन, कृष्णा-वारणेचा संगम, हळदीच्या पेवांची (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांची) माहिती देणारा एक फलक, भडंगाची पुडी, यापेक्षा पाहुण्याला काय दाखवायचं असतं? माझा नातू सहा किलोमीटर न कुरकुरता चालला तिकडे, इकडे आल्यावर घाटावर दहा मिनिटांत नाकाला रुमाल लावला, शेरीनाल्याच्या सांडपाण्याचा वास. ते पाणी नदीत जायचं थांबल्याशिवाय वाट केली तरी चालणार कोण हा प्रश्न आहेच, आणि त्यावर इतकी वर्षं इतकं लिहून झालंय की मी नवीन काय लिहू.

तोपर्यंत आम्ही गावभागातले चौघे म्हातारे रविवारी सकाळी सहाला घाटाच्या वरच्या अंगाला गाजरगवत उपटायला लागलोय, तीन रविवार झाले. यायचं असेल त्यांनी हातमोजे आणा, त्या गवताने अंगाला खाज सुटते. खुरपी आमच्याकडे आहेत.

आपला,
एक जुना वाचक, गावभाग, सांगली