लेझरने चष्म्याचा नंबर घालवण्याआधी

सदस्यहो, लेझर शस्त्रक्रियेचा विचार असेल तर आपण रात्री आकाश पाहतो हे डॉक्टरांना आधीच सांगा आणि अंधारात डोळ्याची बाहुली (मधलं काळं छिद्र) किती पसरते ते मोजून घ्या. तरुणपणी ती ७ मिमीपर्यंत पसरते. लेझरने सुधारलेला भाग मात्र बहुधा ६ ते ६.५ मिमीचा असतो. बाहुली त्यापलीकडे गेली की ताऱ्यांभोवती वलयं, किरणं दिसू शकतात. ७×५० च्या द्विनेत्रीत (७ पट वर्धन, ५० मिमीची भिंगं) हे जास्त जाणवेल, कारण तिच्यातून येणारा प्रकाशझोतच सुमारे ७ मिमी रुंद असतो. जास्त वर्धनावर ग्रह पाहताना फारसं नाही. डोळ्यांचा कोरडेपणा काही महिने राहू शकतो, तेव्हा महत्त्वाच्या ग्रहणाच्या तोंडावर तारीख घेऊ नका. आणि सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याच्या असमान वक्रतेमुळे येणारा) नसेल तर दुर्बिणीचा फोकस फिरवून चष्म्याविना स्वच्छ दिसतंच. केवळ दुर्बिणीसाठी डोळ्यांना हात लावू नका, ही कळकळीची विनंती.