ज्यांनी आईला विचारलं, त्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही असं वाटतं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी नवी मुंबईतल्या त्या वॉर्डात तुम्ही माझ्या आईच्या खाटेपाशी आलात, काढलेल्या गाठीचा उरलेला तुकडा संशोधनासाठी द्याल का हे विचारायला, एवढी खूण तुम्हाला पुरेल. आईचे टाके निघालेत, नळीही निघाली, पातळ खिमट तोंडाने जातंय. आता कुठे दोन ओळी लिहिण्याइतका जीव थाऱ्यावर आलाय.

आधी कुठून आलो होतो ते सांगतो, म्हणजे तुम्ही काय केलंत ते इतरांनाही कळेल. आईच्या गालाच्या आत गाठ. जबडा आखडलेला, तोंड जेमतेम बोटभर उघडायचं, त्यामुळे शब्द अर्धेच बाहेर पडायचे. पहिल्या ठिकाणी, त्या रुग्णालयाचं नाव घेत नाही, बायोप्सीच्या वेळी एक मुलगा कागदांचा गठ्ठा घेऊन आला. सगळं इंग्रजीत. "हे कशाचं?" म्हटलं, तर म्हणाला, "रिसर्चचं आहे, फॉर्मॅलिटी." आणि स्ट्रेचरवर पडलेल्या आईचा हात उचलून त्याने शाईच्या पॅडवर टेकवला. तिला सही येते की नाही, हे विचारलंसुद्धा नाही. त्या कागदावर काय होतं ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. पुढे दुसरं मत घ्यायचं ठरवलं, तर आईच्याच ब्लॉक-स्लाईडसाठी, म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेला ठोकळा आणि त्याच्या काचपट्ट्या यांच्यासाठी, त्याच रुग्णालयाच्या खिडकीवर हात पसरून उभं राहावं लागलं. कुणी दमात घेतलं, कुणी "उद्या या" म्हटलं. राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

माझी आई गावच्या साक्षरता वर्गात पाटी घेऊन बसलेली बाई आहे. चार लेकरांची आई झाल्यावर अक्षरं शिकली. अंगठ्याची शाई ती घरी येऊन साबणाने घासत राहिली होती.

म्हणून तुम्ही फाईल घेऊन येताना दिसलात तेव्हा तिने हात पदराखाली घेतला. मी ते पाहिलं. तुम्हीही पाहिलं असणार, कारण तुम्ही फाईल उघडलीच नाही. स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात. मामा सवयीने मध्ये बोलला, "घ्या घ्या, आमची काय हरकत नाही." तुम्ही हसून त्याला थांबवलंत आणि आईला म्हणालात, "मावशी, हे तुमचं आहे, म्हणून तुम्हालाच विचारते."

आजारी पडल्यापासून सगळे तिच्या डोक्यावरून आमच्याशी बोलत होते. डॉक्टर, बिलिंगवाले, नातेवाईकसुद्धा.

आईने विचारलं, "माझा रोग वळखायला कमी नाय ना पडणार?" तिचे शब्द लागत नव्हते, तरी तुम्ही पुन्हा विचारून, ओठांकडे बघून समजून घेतलंत. तपासणीला लागतं ते आधी पॅथॉलॉजीकडे जातं, उरलेलंच आम्ही ठेवतो, असं सांगितलंत. नाव राहत नाही, नंबर राहतो. पैसे मिळणार नाहीत. नाही म्हणालात तरी उपचार हेच आणि असेच. उद्या मन बदललं तर सांगा, वापरायचं राहिलं असेल ते नष्ट करू. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत यातलं बरंच काही लिहिलेलं आहे, हे मी मागाहून वाचलं. नियम दोन्ही रुग्णालयांना एकच होते. एका ठिकाणी तो पॅड झाला, दुसऱ्या ठिकाणी माणूस.

मराठीतला कागद तुम्ही रात्रभर तिच्या उशाशी ठेवून गेलात. तिने तो अक्षर अक्षर लावत वाचला.

आता ती सकाळ. तिला आत न्यायला वॉर्डबॉय दारात उभा. तुमच्या ट्रेमध्ये शाईचं पॅड होतं, ते तुम्ही पुढे केलं नाही. पेनचं टोपण काढून विचारलंत, "मावशी, सही करता ना?" सलाईनची सुई नेमकी उजव्या हाताला. तुम्ही कागदाखालचा पुठ्ठा दोन्ही हातांनी धरून ठेवलात, तिच्या मनगटाला ताण येणार नाही असा. आईने सही केली नाही, पूर्ण नाव लिहिलं. स्वतःचं, आमच्या बाबांचं, मग आडनाव. मधल्या जोडाक्षरावर ती थांबली. वॉर्डबॉय "चला चला" करत होता. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "थांब रे जरा, मावशी लिहितायत."

ताई, मी पत्र लिहितोय ते या एका वाक्यासाठी.

थिएटरच्या दारापर्यंत आईचा चेहरा वेगळा होता. तिचं काही कापून नेणार होते, पण त्याआधी तिने काहीतरी दिलं होतं.

ते देणं किती मोलाचं, हेही मला हळूहळू कळतंय. आईचा आजार मशेरीचा. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, सकाळ-संध्याकाळ दातांना. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली. मशेरी तर घराघरात चुलीवर तयार होत आली आहे. आपल्याकडच्या पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग येतो, आणि मशेरीने बायकाही त्यातून सुटलेल्या नाहीत. असल्या गाठींचा अभ्यास करायचा तर त्या आपल्याच माणसांकडून मिळायला हव्यात. मशेरी न लावणाऱ्या परदेशातल्या बाईच्या गाठीवरून माझ्या आईचं दुखणं किती समजणार? तुकडा बाहेर आला की त्यातले रेणू बिघडायला लागतात, म्हणून तो तातडीने गोठवतात, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनपर्यंत. एवढ्या धावपळीचं काम करणारी बाई एका म्हातारीच्या जोडाक्षरासाठी थांबली.

पवईची आयआयटी आणि खारघरचं टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांच्या कामातून रक्ताच्या कर्करोगावर रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्याला परत देणारी, देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती उभी राहिली, २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. तिच्या चाचण्यांत सुरुवातीच्या रुग्णांनी स्वतःच्या रक्तातल्या पेशी विश्वासाने दिल्या. तो विश्वास कुणीतरी खाटेशेजारी बसून मिळवला असणार, तुमच्यासारखाच. बातम्यांत ती माणसं दिसत नाहीत.

चांगुलपणा मला या आजारपणात अशाच ठिकाणी भेटला. लिफ्ट धरून ठेवणारा वॉचमन. आईची वेणी घालून देणारी वॉर्डातली मावशी, जिला ते काम कुणी सांगितलेलं नव्हतं. ठाणे-पनवेल गाडीत, आईच्या गालावरची पट्टी बघून न विचारता खिडकीची जागा सोडणारा कॉलेजचा मुलगा. मोठ्या खुर्चीतल्यांनी आम्हाला ताटकळत ठेवलं, आणि यांनी सांभाळून घेतलं.

तुम्हाला एक बातमी द्यायची आहे. आईने मशेरीचा डबा फेकला आणि कळव्याच्या आमच्या चाळीत शेजारणींना गाल दाखवत फिरते. दोघी तपासून आल्या. एकीला पांढरा चट्टा निघाला, वेळेवर निघाला. तिलाही तुमच्याकडेच पाठवतोय.

आणि आईचा एक प्रश्न. तिच्या तुकड्यावर कुणी काही काम केलं, तर तिला कळेल का? वेगळा रिपोर्ट येणार नाही, हे तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं, तिच्या लक्षातही आहे. तरी विचार म्हणते. पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा ती स्वतः विचारेल. बोलणं आता बरंच स्पष्ट झालंय.

आपला,
कळव्याच्या मावशींचा थोरला