बसची पायरी निविदेत ठरते, तिथे प्रवासी कुठे आहे?

महोदय,

मुंबईत नवी बस आली की बातमी असते ती तिच्या रंगाची, एसीची आणि हिरव्या झेंड्याची. तिची पायरी किती उंच असावी, दरवाजा किती रुंद असावा, ती नऊ मीटरची हवी की बारा मीटरची, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले, ते मात्र कधीच छापून येत नाही. त्या बसमधून पुढची दहा-बारा वर्षे लाखो माणसांना जायचे असते, म्हणून हे पत्र.

2019 पासून बेस्टने भाडेतत्त्वावरील बसवर भर दिला. बस ठेकेदाराची, चालक त्याचा, देखभालही त्याचीच. बेस्ट त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देते. जो सर्वांत कमी दर भरतो त्याला काम. बसमध्ये पंधरा माणसे असोत की साठ, ठेकेदाराला मिळणारे पैसे तेवढेच. त्यामुळे निविदेच्या अटींत जे स्पष्ट लिहिलेले नसेल ते प्रवाशाला मिळत नाही. खरा निर्णय दर उघडताना होत नाही, त्याच्या कितीतरी आधी अटींचा मसुदा लिहिताना होतो.

केंद्राच्या शहरी बस मानकांत जमिनीपासून बसच्या आतल्या फरशीपर्यंतच्या तीन उंची दिल्या आहेत: 400, 650 आणि 900 मिलिमीटर. 400 मिमीच्या बसमध्ये फुटपाथवरून जवळपास सरळ आत जाता येते. 900 मिमीसाठी पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे धरलेल्या आजीला, कडेवर मूल असलेल्या बाईला, कुबडीवाल्याला हा फरक बस मिळणे आणि न मिळणे एवढा मोठा आहे. चढण्यात वेळ गेला की थांब्यावर बस रेंगाळते, मागची फेरी उशिरा सुटते, तेही आलेच. सखल बस तुंबलेल्या पाण्यात आणि गतिरोधकांवर अडचणीची ठरते, हा आक्षेप खराच आहे. पण मग कोणत्या मार्गावर पाणी तुंबते हे बघून मार्गागणिक निर्णय घ्यावा. संपूर्ण शहराला एकच उत्तर कशाला?

लांबीचेही तसेच. कुर्ला, घाटकोपरच्या चिंचोळ्या गल्ल्यांत लहान बसच लागते, याबद्दल वाद नाही. पण स्टेशनबाहेर शंभर माणसांची रांग असताना समोर छोटी बस येते, तेव्हा हिशेब चुकलेला असतो. 2022 मध्ये केंद्राच्या सीईएसएल या कंपनीने पाच शहरांसाठी 5,450 विद्युत बसची एकत्र निविदा काढली. त्यात बारा मीटरच्या बसचा सर्वांत कमी दर किलोमीटरला 43.49 रुपये आला आणि नऊ मीटरच्या बसचा 39.21 रुपये. म्हणजे फरक सव्वाचार रुपयांचा, कारण चालक दोन्हीकडे एकच लागतो. दर किलोमीटरमागे न बघता माणसामागे बघितला तर गर्दीच्या मार्गावर लहान बस महाग पडते.

एसटीने वर्षानुवर्षे इंजिन-चाकांचा सांगाडा (चासी) विकत घेऊन दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील आपल्याच कार्यशाळांत बस बांधली. कोणता पत्रा लवकर गंजतो, कोणते आसन खिळखिळे होते, हे दुरुस्ती करणाऱ्यालाच आधी कळते आणि तेच पुढच्या बसमध्ये सुधारता येते. भाड्याच्या बसमध्ये ही जाण ठेकेदाराकडे जाते आणि करार संपला की त्याच्याबरोबर निघूनही जाते. बेस्टने 2019 मध्ये कामगार संघटनेशी करार करून स्वतःच्या मालकीच्या 3,337 बस कायम ठेवण्याचे मान्य केले होते. तो शब्द पाळला गेला नाही, याची खंत वाटते.

चालकाचेही या निवडीत मत हवे. डिसेंबर 2024 मध्ये कुर्ल्यात बारा मीटरच्या विद्युत बसने माणसे चिरडली, तेव्हा चालकाने आधी लहान बस चालवल्या होत्या आणि त्याचे प्रशिक्षण पुरेसे होते का, हा प्रश्न समोर आला. नवे वाहन निवडणे आणि ते चालवायला शिकवणे ही दोन वेगळी कामे नाहीत. किती दिवस आणि कोणाकडून शिकवायचे, हे त्याच निविदेत बांधून घेता येते.

पूर्वी निदान बेस्ट समितीत नगरसेवक प्रश्न विचारत. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, समितीही उरली नाही आणि पुढची काही वर्षे सारे प्रशासकीय पातळीवर ठरत गेले.

म्हणून बेस्टकडे, पुण्याची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलकडे आणि एसटीकडेही मागणी आहे. पुढची निविदा काढण्याआधी तांत्रिक अटींचा मसुदा मराठीत जाहीर करावा आणि हरकतींसाठी किमान महिनाभर द्यावा. मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी नमुना बस आगारात उभी करून तिच्यात ज्येष्ठ नागरिक, अपंग प्रवासी, महिला वाहक आणि चालक यांना चढू-उतरू द्यावे. त्यांनी काय सांगितले आणि त्यातले काय स्वीकारले, हे संकेतस्थळावर टाकावे. आणि कोणत्या मार्गाला कोणती बस व का, याचा एक पानी तक्ता त्या निविदेसोबतच जोडावा.

एक नियमित बसप्रवासी, घाटकोपर