रेड मांडताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

स्नूकरमध्ये ब्रेक (डावाचा पहिला फटका) केल्यावर पांढरा चेंडू बॉक लाइनमागे, म्हणजे तू फटका मारतोस त्या टोकाजवळच्या आडव्या रेषेमागे, परतण्याऐवजी टेबलाच्या मधोमध रेंगाळतो आणि त्याचा दोष तू स्वतःच्या हाताला देतोस, हे वाचून वाईट वाटले. मागच्या खेपेला तुमच्या टेबलापाशी उभा होतो, तेव्हा तुझा हात मला सरळच दिसला. रेड, म्हणजे त्रिकोणात मांडायचे पंधरा लाल चेंडू, मात्र फार घाईने मांडले जात होते.

आधी गुलाबी चेंडू त्याच्या स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) ठेव आणि मगच त्रिकोणी चौकट पुढे आण. टोकाचा रेड गुलाबीच्या शक्य तितका जवळ असावा, पण त्याला टेकू नये, असा नियम आहे. मी दोघांमध्ये कागद जाईल एवढीच फट ठेवतो. खरी अडचण यापुढे येते. आपल्या कापडाची लव बॉककडून काळ्या चेंडूकडे जाते, त्यामुळे गुलाबीकडे ढकललेले रेड चौकट उचलताच किंचित मागे सरकू पाहतात आणि ओळींमध्ये डोळ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या फटी पडतात. म्हणून चौकटीच्या मागच्या दांडीने पंधराही रेड घट्ट दाबून क्षणभर थांब, मग चौकट केसभर मागे घेऊन सरळ वर उचल.

त्यानंतर काळ्या चेंडूमागे जाऊन डोळे टेबलाच्या पातळीवर आण. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या ओळीच्या मध्यावरचे रेड काळ्या व गुलाबी चेंडूंच्या रेषेतच हवेत. शेवटच्या ओळीची दोन्ही टोके वरच्या कुशनपासून (काळ्या चेंडूमागच्या टेबलाच्या काठापासून) सारख्याच अंतरावर आहेत का, हे तर मी दर वेळी पाहतो. चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर धरला तर त्या ओळीतल्या दोन टोकांच्या केंद्रांमध्ये २१० मिलिमीटर अंतर पडते. त्रिकोण अवघा एक अंश फिरला, तरी एक टोक दुसऱ्यापेक्षा साडेतीन मिलिमीटरांहून अधिक पुढे जाते. तू पिवळ्या आणि तपकिरी चेंडूंच्या मधून मारतोस आणि उजव्या टोकाच्या रेडला अगदी पातळ स्पर्श करू पाहतोस. तो रेडच जागचा हललेला असेल, तर स्पर्श जाड होतो, वेग त्या रेडमध्ये जातो आणि पांढऱ्याला परतीचा प्रवास झेपत नाही.

चेंडू कोरड्या फडक्याने पुसून घे, खडूची भुकटी त्यांच्यामध्ये अडकते. गुलाबीच्या स्पॉटपाशी कापडाला खळगा पडला आहे का, तेही पाहा आणि मला कळव.

तुझा मित्र