पाइप फुटला आत, प्लंबर उभा गेटवर

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

मी धायरीत राहतो आणि गेली 27 वर्षं नळकाम करतो. वडगाव, नऱ्हे, आंबेगावपर्यंत माझी गिऱ्हाईकं आहेत. पत्र लिहायची सवय नाही, काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

एप्रिलमधली गोष्ट. एका जुन्या बंगल्यांच्या लेआउटमधून दुपारी दोनला फोन आला. रिटायर्ड शिक्षिका, एकट्या राहतात, मी त्यांना काकू म्हणतो. मीटरपासून खालच्या टाकीकडं जाणारी लाइन फुटली होती. पाणी संध्याकाळी पाचला येतं, म्हणजे वेळ भरपूर होता. दहा फुटी पाइप स्कूटरला बांधला, पिशवीत एल्बो (वळणाचा जोड), कपलर (सरळ जोड), पाइप चिकटवायचं सोल्युशन टाकलं आणि सव्वादोनला गेटवर हजर.

तिथं नवा बूम बॅरियर, म्हणजे वर-खाली होणारा आडवा दांडा. शेजारी पाटी: 'खाजगी रस्ता. परवानगीशिवाय प्रवेश नाही.' वॉचमन पोरगेला होता, म्हणाला, "काका, तुमचं नाव ॲपवर येत नाही." येणार कुठून? काकूंकडं बटणाचा फोन. काकूंनी वॉचमनच्या मोबाइलवर स्वतः सांगितलं, "अहो, माझाच माणूस आहे, सोडा त्याला." पण त्याला हुकूम लेआउटच्या समितीच्या सेक्रेटरींचा, आणि सेक्रेटरी दुपारचे फोन कुठले उचलतात! मी उन्हात उभा असताना दहा मिनिटांत किराणा पोचवणारी सात पोरं न थांबता आत गेली. मोजायला दुसरं काम काय होतं मला?

तीन वाजून वीस मिनिटांनी निरोप आला. स्कूटर बाहेर ठेवायची आणि 'रस्ता देखभाल' म्हणून 200 रुपये भरायचे. भरले. पाइप खांद्यावर घेऊन बंगल्यापर्यंत चालत गेलो.

आता थोडं कामाचं सांगतो. प्लॅस्टिकच्या पाइपचा जोड सोल्युशननं लगेच धरतो, पण त्यावर पाण्याचा दाब लगेच घ्यायचा नसतो. मी गिऱ्हाइकाला दोन-तीन तास थांबायला सांगतो. माझं काम उरकलं साडेचारला. मीटरजवळचा कॉक बंद करावा म्हटलं, तर तो गंजून बसलेला, पान्यालाही दाद देईना. पाचला पाणी आलं आणि पाच-सातला एल्बो निसटला. अर्धी टाकी अंगणात. दुसऱ्या दिवशी जाऊन फुकट जोड करून दिला. लेआउटमध्ये बोलणं काय झालं, तर प्लंबर कच्चा आहे. गेटवर गेलेला तास कोणाच्या हिशेबात नाही.

माझे एक गिऱ्हाईक वकील आहेत, त्यांच्या बाथरूमचं काम करताना विषय काढला. त्यांनी सांगितलं ते असं: रस्ता खाजगी असेल, महापालिकेकडं हस्तांतरित झाला नसेल, तरी काकूंच्या खरेदीखतात त्या रस्त्यानं जाण्यायेण्याचा हक्क लिहून दिलेला आहे. वहिवाटीचा हक्क म्हणा. मला स्वतःला तिथं काही हक्क नाही. पण काकूंच्या कामाला, त्यांच्या बोलावण्यावरून येणारा माणूस त्यांच्या हक्कात येतो. नाहीतर तो हक्क घेऊन त्यांनी करायचं काय, पाइप काय त्या स्वतः बदलणार? दुसऱ्याच्या जमिनीतल्या अशा हक्कांचा, म्हणजे सुविधाधिकाराचा, कायदा 1882 सालचा आहे. त्याच्या कलम 24 मध्ये उदाहरणच पाइपचं दिलंय: दुसऱ्याच्या जमिनीतून पाइप नेण्याचा हक्क असलेल्याला दुरुस्तीसाठी तिथं जाता येतं, खणता येतं, फक्त जमीन होती तशी करून द्यावी लागते. दीडशे वर्षांपूर्वी कोणाला तरी प्लंबरची आठवण होती, हे ऐकून बरं वाटलं.

गावाकडं बांधावरचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालयाच्या 1906 च्या कायद्याखाली तहसीलदाराकडं जाता येतं. माझ्या चुलत्यांनी तसा रस्ता मोकळा करून घेतलाय. इथं लेआउटमध्ये मात्र ज्याला विचारावं तो म्हणतो, खाजगी वाद आहे, दिवाणीत जा. तासाभराच्या कामासाठी दिवाणीत कोण जातं? आमची धायरी 2017 मध्ये महापालिकेत आली, आणखी 23 गावं 2021 मध्ये आली. या पट्ट्यात बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर राहिलेले असे रस्ते गल्लोगल्ली सापडतील. गेटं मात्र आता लागताहेत.

समितीचीही बाजू आहे. चोऱ्या होतात. रस्त्यावरचे पेव्हर ब्लॉक रहिवाशांनी स्वतःच्या पैशानं बसवलेत आणि आमच्यातलेच काही लोक त्यावर सिमेंटचा माल कालवून तसाच टाकून जातात, हे मी पाहिलंय. म्हणून रजिस्टरमध्ये सही घ्या, आधार बघा, पिशवी तपासा, माझी ना नाही. खड्डा केला तर ब्लॉक पुन्हा बसवून देईन, हवं तर अनामत घ्या आणि काम बघून परत करा. पण प्लॉटधारकानं फोनवर सांगितल्यावर सेक्रेटरींची वाट बघायला लावू नका. आणि ते 200 रुपये कसले, याची पावती तरी द्या. काकूंनी ते बिलात धरायला सांगितलं, मी धरले नाहीत, पण प्रत्येक वेळी नाही जमणार.

तो गंजलेला कॉक अजून तसाच आहे. तो कंपाउंडच्या बाहेर, लेआउटच्या रस्त्याखाली दीड फुटावर आहे. चार ब्लॉक काढावे लागतील, काम दोन तासांचं. काकूंनी समितीला लेखी अर्ज देऊन तीन आठवडे झाले. पावसाआधी उत्तर आलं तर बरं, नंतर त्या खड्ड्यात पाणी साठतं.

आपला,
एक प्लंबर, धायरी, पुणे
(पोटाचा प्रश्न आहे, नाव छापू नये ही विनंती.)