‘जाकड’ मालाचे व्याज कारागिराने का भरावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की ठाण्यातील सभागृहांत आणि मैदानांवर हस्तकलेची प्रदर्शने लागतात, बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये गर्दी होते आणि ‘थेट कारागिरांकडून’ असे फलक जागोजागी दिसू लागतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी जव्हार तालुक्यातील वारली चित्रे काढणाऱ्या महिलांच्या एका बचत गटाचे हिशेब विनामोबदला पाहतो. त्या वह्यांतून जे दिसते ते या फलकांशी जुळत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी श्रावणात गटाने ठाण्यातील एका दुकानाला ४० रंगवलेले लाकडी ट्रे दिले. दुकानदाराने माल जाकड ठेवून घेतला, म्हणजे विकला जाईल तेवढ्याचेच पैसे आणि उरेल तो माल परत. हिशेब झाला तो माघात. २६ ट्रे विकले गेले होते. ११ परत आले, त्यांतल्या चारांच्या कडांचे टवके उडाले होते. उरलेले तीन सापडत नाहीत असे सांगून ‘तुटफूट’ या सदरात टाकण्यात आले. दुकानात जो ट्रे ९५० रुपयांना विकला जात होता, त्याचे गटाला ३४० रुपये ठरले होते. म्हणजे सहा महिन्यांनी हाती आले ८,८४० रुपये. कोरा ट्रे, रंग आणि व्हार्निश मिळून नगामागे १४० रुपये आधीच खर्च झाले होते आणि ते ५,६०० रुपये बायकांनी गटातूनच महिना दोन टक्क्यांनी उचलले होते, त्याचे व्याज ६७२ रुपये झाले. एका ट्रेला दीड दिवस लागतो. परत आलेले सात धड ट्रे पुढे त्याच भावाने विकले जातील असे धरले, तरी ६० दिवसांच्या कामाची मजुरी दिवसाला ८३ रुपयांहून कमी पडते. त्याच वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. एसटीचे भाडे मी यात धरलेलेच नाही.

दुकानाने ३४०चे ९५० केले याबद्दल माझी तक्रार नाही. ठाण्याच्या बाजारपेठेत गाळ्याचे भाडे काय असते हे कर्जाच्या फायली तपासताना मी पुष्कळ पाहिले आहे, आणि हस्तकलेचा माल किराण्यासारखा रोज उठत नाही. पण माल पडून राहण्याची जोखीम हाच जर त्या नफ्याचा आधार असेल, तर ती जोखीम दुकानाने घ्यायला हवी. येथे दुकानाच्या मांडणीवर ठेवलेल्या मालाचे व्याज जव्हारच्या बायका भरत होत्या.

हा प्रश्न नवा नाही आणि केवळ आपला नाही. १९४६ मध्ये एडना रूथ बायलर या अमेरिकी बाईंनी पोर्तो रिको या अमेरिकेच्याच ताब्यातील बेटावरच्या स्त्रियांचे भरतकाम अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नेऊन विकायला सुरुवात केली, तेव्हापासून गरीब देशांतील हस्तकलेच्या न्याय्य व्यापाराचा (फेअर ट्रेड), म्हणजे वस्तू बनवणाऱ्याला रास्त मोबदला देणाऱ्या व्यवहाराचा, विचार होत आला आहे. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफीवर न्याय्य व्यापाराचा पहिला शिक्का बसला. कॉफीला वजनावर किमान भाव बांधून देता येतो. हाताने काढलेल्या चित्राला तसा भाव बांधता येत नाही. त्यामुळे हस्तकलेच्या बाबतीत वस्तूपेक्षा व्यवहाराच्या रीतीवर भर देण्यात आला. ‘वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन’ या न्याय्य व्यापाराच्या जागतिक संघटनेच्या दहा तत्त्वांमध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की कारागिराने मागणी केल्यास खरेदीदाराने किमान ५० टक्के रक्कम आगाऊ आणि बिनव्याजी द्यावी. म्हणजे हे तत्त्व पाळणाऱ्या परदेशी दुकानासाठी काम करणाऱ्या कारागिराला रंग घेण्याआधी पैसे मागता येतात आणि ठाण्यासाठी काम करणाऱ्याला विक्रीनंतरही वाट पाहावी लागते.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाकडून माल घेतल्यास ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करावे लागतात. न केल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. पण जाकड मालाबाबत ‘आम्ही तो खरेदीच केलेला नाही’ असे म्हणायला दुकानदार मोकळा राहतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा बायकांना अभिमानही आहे. मात्र ते मानांकन कलेचे नाव आणि मूळ प्रदेश जपते; चित्र काढणारीला किती आणि कधी मिळाले याच्याशी त्याचा संबंध नाही.

त्यात छापील मालाची भर पडली आहे. बांबूच्या काडीने ओढलेली रेघ सुरुवातीला जाड असते आणि शेवटाला बारीक होत जाते. तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेल्या माणसांत कोणाचा पाय आखूड, तर कोणाची मान किंचित कललेली असते. छापील ट्रेवर तीसही माणसे एकाच साच्यातली असतात. असा ट्रे ३०० रुपयांना शेजारीच ठेवलेला असताना ९५० रुपयांच्या ट्रेबाबत गिऱ्हाईक घासाघीस करणारच. मीही कित्येक वर्षे तेच करत होतो.

महापालिका आणि सिडको ज्या जागा ‘हस्तकला’ या नावाखाली प्रदर्शनांसाठी देतात, त्यांच्या परवान्यात दोन अटी घालाव्यात, अशी माझी विनंती आहे. वस्तू हातची आहे की छापील, आणि हातची असल्यास कोणत्या गावची, हे प्रत्येक विक्रेत्याने ठळक लिहावे. जो विक्रेता स्वतः कारागीर नाही, त्याने माल रोखीने किंवा निम्मी रक्कम आगाऊ देऊन घेतल्याची पावती आयोजकांना दाखवावी. यासाठी पालिकेला तिजोरीतून एक रुपयाही काढावा लागणार नाही.

यंदाच्या दिवाळीसाठी गटाकडे दोन दुकानांनी मागणी नोंदवली. एकाने निम्मे पैसे आधी देण्याचे कबूल केले आहे. दुसऱ्याने नेहमीप्रमाणे माल जाकड मागितला. बायकांनी या वेळी त्याला नाही म्हणून कळवले.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
नौपाडा, ठाणे (प.)