आगमनांसोबत मुक्कामही मोजा

महोदय,

आंतरराष्ट्रीय पर्यटकसंख्येच्या बातम्यांत ‘वाढ’ हा शब्द सरसकट यशाच्या अर्थाने वापरला जातो, हे मला खटकते. जगभरात १९५० मध्ये सुमारे २.५ कोटी पर्यटक नोंदले गेले होते. २०१२ मध्ये या संख्येने प्रथमच १०० कोटींचा टप्पा ओलांडला, २०१९ मध्ये ती १४६ कोटींच्या घरात होती, २०२० मध्ये करोनामुळे ती ४० कोटींच्या आसपास घसरली आणि २०२४ पर्यंत पुन्हा १४० कोटींवर पोहोचली. परंतु हे आकडे माणसांचे नसून आगमनांचे आहेत. एकाच सहलीत तीन देशांत मुक्काम करणारा प्रवासी तीनदा मोजला जातो, तर सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा या गणतीत येतच नाही.

सुट्टी घालवण्याची पद्धत बदलल्यामुळे हा फरक आता फार महत्त्वाचा झाला आहे. जेट विमाने आणि पॅकेज टूर आल्यावर युरोपातील सामान्य कुटुंबे एकाच किनाऱ्यावर सलग आठवडा-दोन आठवडे राहू लागली. पुढे स्वस्त विमानसेवा आणि ऑनलाइन बुकिंगमुळे तीच रजा दोन-तीन दिवसांच्या अनेक सहलींत विभागली गेली. रजा तेवढीच राहिली तरी आगमने वाढली.

व्हेनिसचे उदाहरण पाहावे. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील जुन्या शहरात सुमारे १.७५ लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही लोकसंख्या ५० हजारांच्या खाली गेली. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी शहरात येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते, मात्र मुक्कामी पाहुण्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे, ज्यांच्या गर्दीचा भार शहराला सोसवत नाही, ते बहुतांशी पर्यटकांच्या अधिकृत संख्येबाहेरचेच आहेत!

थायलंडमधील माया बे हा किनारा प्रवाळांची हानी झाल्यामुळे जून २०१८ मध्ये बंद करावा लागला. जानेवारी २०२२ मध्ये तो उघडला तेव्हा बोटींना समोरून येण्यास मनाई करून त्यांना बेटाच्या मागच्या बाजूला उतरण्याची सोय केली गेली आणि एका वेळी किती लोकांनी तेथे थांबावे, यावर मर्यादा घातली गेली. किती जण आले यापेक्षा जागेला किती जण पेलवतात, हा प्रश्न तेथे आधी विचारला गेला, आणि मला तोच योग्य वाटतो.

म्हणून माझी विनंती आहे, की पर्यटनाची आकडेवारी छापताना आगमनांच्या शेजारी मुक्कामाच्या रात्री आणि एका दिवसात परतणाऱ्यांची संख्याही द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक